कोंदणापुरता हात

पहाटे ५.३०

आज कार्तिक वद्य द्वितीया, म्हणजे घड्याळ बघायच्या आधीच पाण्याचा अंदाज येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वितीयेला दीड वाजता. मुंबईला हे गणित जवळजवळ जुळतं. इथे वेंगुर्ल्यात पाणी त्याच्या साधारण तासभर आधी चढतं. तेव्हा आज दुपारी साडेबाराच्या सुमारास भरती, आणि त्याआधी सहा तास, म्हणजे साडेसहाच्या आसपास, ओहोटीचा तळ. पौर्णिमेनंतरचे हे दोन दिवस उधाणाचे. पाणी एरवीपेक्षा जास्त चढतं तसं जास्त उतरतंही, आणि मला हवा असलेला खडकांमधला पट्टा नीट उघडा पडतो तो याच दिवसांत.

चहा घेऊन निघते. खांद्याला दोन पिशव्या. एक मऊ कापडाची, कामाच्या मालासाठी. दुसरी जाड ताडपत्रीची. तिच्यात धारदार काचा, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, बाटल्यांची बुचं जातात. हातात चामडी मोजे, पायात जाड तळव्याचे बूट. घासून गुळगुळीत झालेली काच जिथे मिळते तिथेच काल रात्री फुटलेलीही पडलेली असते.

सकाळी ६.१५

बंदराच्या पलीकडचा खडकाळ तुकडा. सागरेश्वरच्या बाजूला लांबच लांब पुळण आहे, चालायला तिच्यासारखी जागा नाही, पण काचेसाठी ती उपयोगाची नाही. मऊ वाळूत काच नुसती लोळते आणि गाडली जाते. तिची धार मारायला दगडगोटे लागतात, लाटेबरोबर वरखाली होणारे. म्हणून मी खडकांच्या मधल्या खाचांत आणि मोठ्या खडकांच्या आडोशाला बसते. लाट परतताना वजनाप्रमाणे माल टाकून जाते. सुपारीएवढे गोटे एका रेषेत, वाटाण्याएवढे दुसऱ्या रेषेत. काच गोट्यांपेक्षा थोडी हलकी आणि चपटी, ती बहुधा या दोन रेषांच्या मधोमध सापडते.

ऋतूही बघावा लागतो. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, आणि खाली वर्षानुवर्षं दडलेला गोट्यांचा थर उघडा होतो. वाळू परत यायला थंडी उलटते. त्यामुळे दसऱ्यापासून पुढचे दोन-तीन महिने माझ्या कामाचे. मे महिन्यात मी किनाऱ्यावर फक्त फिरायला जाते.

उजेडाची गोष्ट मला एका मुलीने शिकवली, शेजारच्या. आमच्याकडे सूर्य जमिनीच्या अंगाने उगवतो. समुद्राकडे पाठ करून, सूर्याकडे तोंड करून चाललं की तिरपे किरण काचेतून आरपार येतात आणि तुकडा आतून पेटल्यासारखा दिसतो. त्याच जागेवरून उलट दिशेने चाललं तर हाताशी असलेली काचही दगड वाटते. त्या मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं; ती फक्त माझ्यापेक्षा जास्त वेळ बघत बसायची.

इथे काच का मिळते, तर हे बंदर जुनं आहे म्हणून. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, तिच्या पडक्या भिंती गावात आजही उभ्या आहेत. त्यानंतर इंग्रजी अंमल, मग मुंबई-पणजी बोटी. एस.टी.चे रस्ते सुधारेपर्यंत कोकणचा माणूस बोटीने यायचा आणि बोट वेंगुर्ल्याला थांबायची. जिथे माणसं चढली-उतरली, खाल्लं-प्यायली, तिथे बाटल्या फुटल्या. त्यात गोव्याची दारू, डॉक्टरांचं औषध, देवळातलं तेल, आणि सोडा. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ साली पेटंट घेऊन आणली. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर सरकून गळ्यातल्या रबराला घट्ट बसते, बूच लागतच नाही. ती बाटली फुटली की जाड, निळसर हिरवी काच किनाऱ्याला लागते, आणि कधी अख्खी गोटी. गोटी आधीच गोल असल्यामुळे समुद्राला तिच्यावर फारसं काम नसतं. तो फक्त तिची चमक काढून घेतो.

दगड मात्र याहून किती जुने, त्याची कल्पनाही करवत नाही. उत्तरेकडे, रत्नागिरीच्या अंगाला, दख्खनच्या लाव्ह्याचा काळा कातळ आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आमचा दक्षिण टोकाचा पट्टा त्या लाव्ह्याच्या बाहेर पडतो. इथले खडक अब्जावधी वर्षांचे. पांढरी, गुलाबी झाकेची गारगोटी, राखाडी क्वार्टझाइट, आणि रेडीच्या बाजूला लोहखनिजाचे जांभळट काळे, वजनदार गोटे. वरून जांभा, तो लाल, सच्छिद्र, दागिन्यात टिकत नाही. गारगोटी टिकते. पोलादी सुरीने तिच्यावर रेघ उठत नाही, उलट पोलादच तिच्यावर घासून जातं.

दगड उचलताना एक नियम मी कधी मोडत नाही. ओला दगड निवडायचा नाही. पाण्यात प्रत्येक गोटा सुंदर असतो, कारण पाणी पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे भरून काढतं आणि आतला रंग वर येतो. वाळला की तोच गोटा फिका पडतो, आणि पर्यटकांच्या घरी काचेच्या बरणीत पडून राहतो. पुष्कळ कारागीर त्यावर लाख किंवा तेल चढवून ओलेपणाचा भास कायम ठेवतात. मी चढवत नाही. लाख वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते, सोलवटते, आणि मुळात माणसाच्या अंगावर जायचा तो दगड, त्यावरचा लेप नव्हे. म्हणून उचललेला गोटा रुमालाने पुसते, उंच खडकावर ठेवते, पुढे जाते. परत येईपर्यंत तो वाळलेला असतो. तेव्हाही बघावासा वाटला तर पिशवीत, नाहीतर जिथून घेतला तिथेच. आज खडकावर मांडलेल्यांपैकी बहुतेक मागे राहिले.

काही गोष्टींना तर हात लावायचाच नाही. प्रवाळ, समुद्रपंखे, काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. किनाऱ्यावर मेलेले सापडले तरी ते दागिन्यासाठी नाहीत. मालवणच्या बाजूला मी गोळा करायला जातच नाही, तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. आणि वायंगणीच्या पुळणीवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिकडे पहाटे बॅटरी घेऊन फिरणं बरं नाही. माझं काम चालावं म्हणून किनाऱ्याचं काही कमी व्हावं, हे मला पटत नाही. घेते तेही मूठभर, आणि काचेच्या बाबतीत तर जितकी घेते तितका किनारा मोकळा होतो.

रापणीचं जाळं ओढून झालेले मामा भेटले. लांबूनच हाक.

“काय गो, गावलां काय?”

“थोडां गावलां, मामानू.”

“ह्यां घे. जाळ्यात इलां.”

कनवटीतून निळ्या काचेचा तुकडा काढून त्यांनी हातावर ठेवला. पिंपळाच्या कोवळ्या पानाएवढा, गडद कोबाल्ट निळा, चारही बाजूंनी घासलेला. बहुधा जुन्या औषधाच्या बाटलीचा. विषारी औषधं चुकून तोंडात जाऊ नयेत म्हणून पूर्वी निळ्या बाटल्यांत भरत. असा निळा क्वचित मिळतो. पैसे देऊ केले तर मामा रागावतात, त्यामुळे आता विचारत नाही. त्यांच्या सुनेच्या पैंजणांची झाळ मी लावून देते.

ताडपत्रीची पिशवी आज कापडी पिशवीपेक्षा जड झाली. अर्धवट घासलेली, अजून धार असलेली काच पुष्कळ होती. परदेशातले काही संग्राहक असा तुकडा परत पाण्यात फेकतात, अजून काही वर्षं घासला जाऊ दे म्हणून. मला ते करवणार नाही. याच किनाऱ्यावर रापणकर अनवाणी उभे राहतात, पोरं पोहतात. ती काच मी घरी नेते आणि गावात वेगळी देते. कचरा वेगवेगळा करण्यासाठी वेंगुर्ल्याचं नाव देशभर झालेलं आहे, काच स्वतंत्र द्यायची इथल्या घराघराला सवय आहे. माझा सगळा धंदा लोकांनी टाकलेल्या बाटल्यांवर उभा आहे, आणि तरी आणखी एकही बाटली समुद्रात जाऊ नये असंच मला वाटतं. माझ्या हयातीपुरता माल समुद्राकडे आधीच पडून आहे.

सकाळी ८.३०

मागच्या पडवीत पाण्याच्या बादल्या मांडलेल्या असतात. आजचा माल पहिल्या बादलीत, परवाचा दुसरीत, त्याआधीचा तिसरीत. रोज गोडं पाणी बदलायचं. दिसायला स्वच्छ असलेल्या काचेच्या बारीक खळग्यांत मीठ बसलेलं असतं आणि ते एका धुण्यात निघत नाही. राहिलं, तर कोंदण बसवल्यावर आतून चांदीला खातं. दगडांचं तर त्याहून अवघड, भेगाळलेला गोटा मीठ धरून ठेवतो. भेग दिसली की मी तो बाजूला काढते.

वाळलेला माल उन्हात पाटावर पसरला की माझा सगळ्यात आवडता तास सुरू होतो. भिंग घेऊन एकेक तुकडा बघायचा. काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना एकत्र वितळवलेला पदार्थ. समुद्रात तिच्यावर दोन कामं एकाच वेळी चालतात. गारगोटीची वाळू काचेपेक्षा कठीण, ती तिला ओरबाडत राहते. आणि पाणी हळूहळू तिच्यातला सोडा विरघळवून बाहेर काढतं, पृष्ठभाग आतून पोखरतं. या दोन्हींमुळे भिंगाखाली चंद्रकोरीच्या आकाराचे असंख्य खळगे दिसतात, कुठे दाट, कुठे विरळ, एकसारखे कधीच नाहीत. तोंडात ठेवून अर्धवट चोखलेल्या खडीसाखरेवर जी मंद झाक येते, तीच यावर. कारखान्यातल्या पिंपात वाळू घालून फिरवलेली किंवा आम्लात बुडवलेली नवी काच बाजारात ‘समुद्री काच’ म्हणून येते. हाताला ती छान लागते, पण भिंगाखाली सपाट, सारखी, सगळीकडे एकाच जाडीचा धुरकटपणा. ती वापरणं गैर नाही, नवी काच सुंदर असू शकते. तिला समुद्राचं नाव देणं गैर आहे.

रंगांचे डबे वेगळे. तपकिरी सगळ्यात जास्त, बिअरच्या बाटल्यांची. उजेडाने बिअर बिघडते म्हणून ती बाटली तपकिरी. मग हिरवी, मग पांढरी. सोडा-बाटलीचा फिका निळसर हिरवा रंग कुणी मुद्दाम घातलेला नसतो, तो वाळूत असलेल्या लोखंडाचा. हा रंग घालवायला पूर्वीचे काचवाले मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकी जांभळी होते. तसे तुकडे माझ्याकडे एका काड्यापेटीत मावतील इतकेच आहेत. लाल तर जवळजवळ नाहीच. लाल काच करायला महागडं रसायन लागायचं, पूर्वी चक्क सोनं, त्यामुळे ती मुळातच कमी झाली आणि कमी फुटली. बोटीच्या डाव्या अंगाचा दिवा लाल असतो, उजव्या अंगाचा हिरवा. लाल तुकडा दाखवला की लोकांना तो बुडालेल्या बोटीच्या दिव्याचा असावा असं वाटायला लागतं. मी तसं सांगत नाही. तुकडा कुठून आला ते त्याच्या कडेवरून, जाडीवरून, बुडबुड्यांवरून जेवढं कळतं तेवढंच बोलायचं.

परदेशी म्हणावा असा एकच तुकडा माझ्या पाटात आहे, इंग्लंडला नोकरीला असलेल्या भाच्याने आणलेला. त्या देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर सीहॅम नावाचं गाव आहे. तिथे १८५३ मध्ये बाटल्यांचा मोठा कारखाना निघाला आणि १९२१ मध्ये बंद पडला. उरलेली, वाया गेलेली काच ते सरळ समुद्रात लोटत. कारखाना जाऊन शतक उलटलं तरी तिथल्या किनाऱ्याला अजून काच लागते, आणि जगभरचे लोक ती वेचायला जातात. माझ्या तुकड्यात पांढऱ्याच्या पोटात निळा आणि हिरवा पट्टा वळून गेलेला आहे, दिवसभराची उरलीसुरली काच एकत्र आल्यासारखा. तो विकायचा नाही. एखाद्याला खरी, पुरती घासलेली काच कशी असते ते दाखवायला तो हातात देते.

सकाळी १०

आता पंखा बंद. झोताला वारा लागला की आच एका जागी ठरत नाही, त्यामुळे झाळकाम चालू असेपर्यंत घाम निथळत असतो. खारी हवा लोखंडाला जगू देत नाही म्हणून कानशी, पकडी, बारीक करवत हे सगळं खोबरेल चोपडलेल्या कापडात गुंडाळून ठेवते. आधी ते सोडून पुसायचं.

आजचं काम सोडा-बाटलीच्या बुडाच्या एका तुकड्याचं. जाड, वाकडातिकडा, एक कड उंच, एक खाली दबलेली. तो पुण्याच्या एका बाईंनी पसंत केला आहे, गळ्यातल्या लटकनासाठी. हे काम मी बाजारातल्या एका सोनारकाकांच्या हाताखाली शिकले. ते म्हणायचे, रत्न कापणाऱ्याने सोनाराचं काम सोपं करून ठेवलेलं असतं, सगळे खडे मापात. तू आणतेस तो दगड तुझं ऐकणार नाही, तेव्हा चांदीने त्याचं ऐकलं पाहिजे. माझ्या कामाचं सगळं वळण या बोलण्यातून आलं. कड उंच आहे ना, तर ती घासून सपाट करायची नाही. कोंदणाची भिंत तिथे उंच ठेवायची.

भिंतीसाठी शुद्ध चांदीची पातळ पट्टी, जाडी सुमारे पाव मिलिमीटर. दागिन्याची नेहमीची चांदी हजारात ९२५ भाग शुद्ध असते, बाकी तांबं. ती कडक, तिला मोडून काचेवर दाबायला जोर लावावा लागतो आणि काच तो जोर सहन करत नाही. शुद्ध चांदी मऊ, बोटाच्या दाबाने वळते. पट्टी तुकड्याभोवती गुंडाळून, जिथे टोकं भेटतात तिथे खूण करून कापते. कानशीने दोन्ही टोकं अशी सपाट करायची की उजेडासमोर धरल्यावर फट दिसता कामा नये. झाळ फट बुजवत नाही. ती फक्त भेटलेल्या धातूच्या मधून धावते.

टाकणखाराचं पाणी लावलं, झाळेचा कण ठेवला, झोत लांबून फिरवत जवळ आणला. चांदी ९६१ अंशांना वितळते आणि झाळ त्याच्या कितीतरी आधी. मधल्या त्या अंतरात काम उरकायचं. टाकणखार आधी फुगतो, मग बसतो, मग काचेसारखा पारदर्शक होतो. चांदी फिकट गुलाबी दिसायला लागते, आणि झाळ एकदम चमकून सांध्यातून पळते. त्या क्षणी झोत मागे. सांधा ठीक असेल तर पट्टी पुन्हा तुकड्याभोवती बसवून आकार द्यायचा, मग तळाच्या पत्र्यावर ठेवून पुन्हा झाळ.

काचेचं कोंदण करताना मी तळ अख्खा ठेवत नाही. मागून करवतीने खिडकी कापते, कडेची दोन-अडीच मिलिमीटर पट्टी तेवढी शिल्लक. अंगावर घातल्यावर मागून उजेड आला नाही तर समुद्री काच मरगळते. त्यासाठी करवतीचं पातं तुटतं, वेळ जातो, चांदीचा चुरा होतो. चुरा डबीत साठवून वर्षाखेरीस सोनाराकडे वितळवायला देते. दगडाला मात्र बंद तळ, कारण त्याला मागून उजेड नको, आधार हवा.

वरची कडी जोडून झाली की गरम काम संपलं. हे सगळं होईपर्यंत काच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असते. तिला आच लागली तर ती तडकते, आणि गारगोटीतही पाणी धरलेल्या भेगा असल्या तर ती फुटते. चांदी तुरटीच्या पाण्यात उकळून टाकणखाराचा थर काढते, रिठ्याच्या पाण्याने पितळी ब्रशने घासते, पुसून कोरडी करते. मगच तुकडा आत बसतो. बसला, पण हलतो आहे. खाली कागदाएवढी जाड चांदीची चकती घालून पुन्हा बघितलं. आता नाही हलत.

दाबायचं काम मी पळवत नाही. टोक चपटं केलेल्या पोलादी कांडीने आधी वरच्या बाजूला एक दाब, मग बरोबर समोर, खाली. मग डावीकडे, मग उजवीकडे. एकाच बाजूने पुढे पुढे गेलं तर चांदी एका टोकाला जमून तिला सुरकुती पडते. चार दिशा बसल्या की त्यांच्या मधल्या चार, मग त्यांच्याही मधल्या. उंच कडेपाशी भिंतीचा वरचा काठ कानशीने लाटेसारखा उतरता केला होता, तो काचेच्या उतारावर हळूच झोपला. शेवटी गुळगुळीत पोलादाने काठ घासून उजळायचा, काचेला स्पर्श न करता. बोट फिरवलं, कुठे टोचत नाही. साडी किंवा ओढणीचा धागा अडकेल असा एकही काठ राहता कामा नये, याची परीक्षा मी रेशमी तुकड्यावर करते.

दुपारी १

बांगड्याचं तिकलं, भात, सोलकढी. समुद्र भरून पुन्हा उतरायला लागलेला. अर्धा तास पाठ टेकते. हे काम कमरेपेक्षा मानेला जास्त लागतं.

दुपारी २.३०

उन्हाच्या वेळी झोत पेटवायचा नाही, तेव्हा भोकाचं काम. आधी सांगते की काचेला भोक पाडायला मी शक्यतो नकार देते. भोक पाडलेला तुकडा पुन्हा अख्खा होत नाही, आणि समुद्राने इतकी वर्षं सांभाळून गोल केलेल्या गोष्टीत मी पाच मिनिटांत तेवढी एक नवी, सरळ, यंत्राची रेघ सोडते. पण कानातल्यांसाठी हलकेपणा लागतो, कोंदणाचं वजन पाळीला सोसत नाही, आणि काही तुकडे इतके पातळ असतात की त्यांना कोंदण झाकून टाकेल. तेव्हा करते.

हिऱ्याचा चुरा लावलेली बारीक सुई, एक मिलिमीटरची. तुकडा पाण्याच्या ताटलीत बुडालेला, यंत्राचा वेग कमी, हाताचा दाब त्याहून कमी. अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मग उलटवून दुसऱ्या बाजूने, म्हणजे मागच्या बाजूचा टवका उडत नाही. पाणी थंडाव्यासाठी आहेच, पण त्याहून मोठं कारण छातीचं. काच आणि गारगोटी यांची कोरडी धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. गुजरातेत खंभातला अकीकाचा धंदा शतकानुशतकांचा, तिथले मणी आफ्रिकेपासून अरबस्तानापर्यंत गेले. आणि तिथल्याच घासणाऱ्या-भोक पाडणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिसने गाठलं, घरीच काम असल्यामुळे त्यांच्या बायकापोरांनाही. याबद्दल डॉक्टरांनी, कामगारांच्या संघटनांनी पुष्कळ लिहून ठेवलेलं आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी भोक पाडायच्या आधी हे सांगते. कोरड्या दगडावर यंत्र चालवताना दिसली तर त्या दिवशी तिचं काम बंद. दोन रुपयांचा मणी आणि माणसाचा श्वास यांची बरोबरी होऊ नये.

आज हिरव्या तुकड्यांची एक जोडी झाली. ‘जोडी’ म्हणजे रंग एक, जाडी जवळपास एक, आकार मात्र नात्यातले, जुळे नव्हेत.

दुपारी ४

पोस्टात जायच्या आधी बांधाबांध. सुती कापड, त्यावर बंद पिशवी, आत खडूचा तुकडा. खडू दमटपणा ओढून घेतो आणि चांदी काळी पडायचं लांबतं. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी जाते: काच कुठल्या किनाऱ्याची, बहुधा कसल्या बाटलीची, चांदी किती ग्रॅम, किती शुद्ध, आणि सुगंधी फवारा मारायच्या आधी नव्हे, तर मारून झाल्यावर घाला. चिठ्ठीत ‘रत्न’ हा शब्द मी कुठेही येऊ देत नाही.

संध्याकाळी ५.३०

पुढच्या दारी पर्यटक. कोल्हापूरचं कुटुंब, आजी, सून, दोन मुलं. आजींनी गारगोटीची अंगठी हातात घेऊन विचारलं, “अहो, ही तर आमच्या शेतात बांधावर पडलेली असते. हिचे एवढे पैसे?”

त्यांचं विचारणं अगदी बरोबर होतं. मी वही उघडून दाखवली. चांदीचं वजन आणि त्या दिवशीचा भाव. झाळ, गॅस, पॉलिशचा खर्च. माझे तास. दगडापुढे शून्य. “दगडाचे मी लावतच नाही आजी. तुमच्या बांधावरचा आणलात तर तोही याच पैशांत बसवून देईन.”

त्या थोडा वेळ अंगठी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्याला पॉलिश का नाही मारलंत? जरा चमकला असता.”

“मारलं तर तो कुठलाही दगड होईल. आत्ता हा इथला आहे.”

त्यांनी अंगठी परत ठेवली, काही घेतलं नाही. सुनेने तपकिरी काचेचं छोटं लटकन घेतलं. मुलांना मी पाटातले दोन तुकडे दिले, एक समुद्राचा, एक पिंपात घासलेला, आणि भिंग दिलं. धाकट्याने दोनदा बघून बरोबर ओळखला. असं काही झालं की दिवस भरला असं मला वाटतं, विक्री किती का असेना. हस्तकलेच्या प्रदर्शनांत आम्ही कारागीर भाव पाडून बसतो, ‘निसर्गाची देणगी’ वगैरे पाट्या लावतो, आणि काम काय केलं ते सांगायला लाजतो. निसर्गाची देणगी फुकटच असते. विकायचं असतं ते चांदी वळवणाऱ्या हाताचं काम, आणि तो हात किती वेळा थांबला, तेही त्यातच आलं.

संध्याकाळी ७.३०

ओहोटीचा तळ मघाशी पुन्हा होऊन गेला, पण अंधारात खडकांवर उतरत नाही. दिव्याखाली वही. आजचा माल नोंदते: तारीख, तिथी, जागा, काय घेतलं, काय सोडलं. मामांनी दिलेला निळा तुकडा वेगळ्या डबीत, नाव ‘रापण’.

दुपारी त्याचा फोटो काढला होता तो एका बाईंना पाठवला होता, त्या फार दिवसांपासून निळ्याची वाट बघत होत्या. त्यांचं उत्तर आलं आहे. तुकडा अतिशय आवडला, मुलीच्या लग्नात द्यायचा आहे, मधोमध कापून त्याची दोन कानातली करून मिळतील का, पैसे म्हणाल ते.

पैशांची गरज आहे. चांदीचा भाव चढला आहे आणि पुढच्या महिन्यासाठी पत्रा घ्यायचाय. कापला तर दोन्ही अर्ध्यांची एकेक कड ताजी राहील, सरळ, चकचकीत, आणि ती झाकायला कोंदण जाड करावं लागेल. हे काम मला येतं. करायचं नाही.

उत्तर लिहिते:

“ताई, नमस्कार. निळा तुकडा कापणार नाही. तो एकटाच लटकनात बसेल, मागून खिडकी ठेवून, आणि लग्नाच्या आधी तयार होईल. कानातली हवीत तर आज हिरव्याची एक जोडी झाली आहे. डावं-उजवं तंतोतंत सारखं नाही, फोटोत नीट बघून घ्या. मुलीला विचारा आणि कळवा.”